डाव्या हाताची गाठ

सकाळचं ऊन पडद्याला जुमानत नाही आणि मला तर झोपायची सक्ती आहे. ड्यूटीचे तास संपले की निवासी डॉक्टरने वॉर्ड सोडायचाच, असा आमच्याकडे आता नियम आहे. काल आतड्याचं ऑपरेशन झालेल्या गोदाआजींना पुढच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या, नौशादच्या हवाली करून मी हॉस्टेलवर आलेय. चोरासारखी पळून आल्यासारखं वाटतंय. डोळे मिटतात.

कुठेतरी नळ चालू आहे. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ऑपरेशन थिएटरबाहेरचं लांबलचक बेसिन आहे आणि घोडके सर कोपरापर्यंत हात धुतायत. आमचे सीनियर. दोन वर्षांपूर्वी सलग ड्यूटी करून घरी निघाले आणि मोटरसायकलवरच त्यांना झोप लागली. नियम त्यांच्यानंतर आला. ते गेलेत हे मला माहीत आहे, पण विषय काढणं बरं दिसत नाही.

"झोपली नाहीस का गं अजून?" बोलणं तेच, परभणीचं.

"आजींना सोडून आले, सर. तुम्ही सोडलं नसतं."

"नसतंच सोडलं. म्हणून तर इकडं आलो की." ते मिश्कील हसतात.

आता आम्ही कँटीनच्या बाकावर आहोत, डोक्यावर मात्र थिएटरचे दिवे. सर चहाच्या कपाच्या कानाला काळ्या धाग्याच्या गाठी मारतायत, डाव्या हाताने. टाक्यांच्या गाठी मारायला त्यांनीच शिकवलं आम्हाला. ते डावरे, त्यामुळे त्यांची गाठ नेहमी आमच्या उलट पडायची.

"नौशादला काय सांगितलंस?"

मी ताप, नाडी, बीपी, लघवी, सगळं घडाघडा म्हणते.

"हे तर मशीन बी सांगतंय. आजीचं काय सांगितलंस?"

ते राहिलंच. गोदाआजी कशालाही 'बरं हाय' म्हणतात. खरंच दुखलं की चादरीचं टोक दातात धरतात, तेवढंच. हे फक्त मला ठाऊक आहे.

"मी बी असलं सगळं माझ्यापाशीच ठेवायचो," सर म्हणतात. "वाटायचं, मी हाय ना. दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकलोच नाही. तू शीक. मग झोप."

नळ बंद होतो.

जाग येते तीच फोन शोधत. नौशाद लगेच उचलतो. "आजी चादर दातात धरतात का बघ," मी सांगते. त्याच्या चपला वाजतात. मग आजींच्या खाटेचा पडदा सरकतो.

"बरं हाय म्हणाल्या आणि टोक दातात धरलं," तो हळू आवाजात म्हणतो. "पोट कडक लागतंय गं, आत काहीतरी बिघडलंय. नाडी आत्तापर्यंत ठीक होती, मला कळलंच नसतं. सर्जन मॅडमना बोलावतोय. वेळेत सांगितलंस. आता आजी माझ्याकडे, तू झोप."

टेबलावर माझा कप आहे. सकाळी सराव म्हणून त्याच्या कानाला मी गाठी मारल्या होत्या. शेवटची तेवढी उलट पडलीये, डावऱ्या माणसाची असावी तशी. मी उजव्या हाताची. ही झोप सरांमुळे माझ्या वाट्याला आलीये. गाठीवर बोट ठेवून मी त्यांना मनापासून थँक्यू म्हणते आणि नियमाप्रमाणे झोपते.