पहिला धूर

आयर्लंडमधल्या केरीच्या डोंगराखालच्या त्या वाडीत गोबनेटच्या लोण्याला तोड नव्हती, आणि तिच्या संशयी स्वभावालाही. कुरणात ससा दिसला की ती चुलीतला चिमटा घेऊन त्याच्यामागे धावायची. चेटकीण सशाच्या रूपात येऊन गाईंचं दूध पिते, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तर तिच्या दारातून विस्तव, दूध, मीठ, काही म्हणजे काही बाहेर जात नसे.

त्या सकाळी ज्या घरातून पहिला धूर निघेल, त्या घरचं वर्षाचं लोणी चेटकीण पळवते. त्यामुळे अख्खी वाडी चुली राखेखाली झाकून, उपाशीपोटी दुसऱ्यांच्या धुराड्यांकडे बघत बसायची.

"सबायना, पेटव की गं!" गोबनेट गडग्यावरून ओरडली. "तुझी एकुलती एक गाय, तीही भाकड! तुझं काय जातंय?"

"लोणी तुझं उतू चाललंय, तूच पेटव!" शेजारीण कसली हटतेय.

आतून सुईण आली. गोबनेटची सून डीलिया पहाटेच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती.

"गोबनेट, दोघी काकडताहेत. शेक हवा, गरम पाणी हवं."

"जरा थांब. सबायना पेटवेलच एवढ्यात."

"आणि नाही पेटवलं तर?"

गोबनेटनं आत डोकावलं. डीलियाचे ओठ निळे पडले होते.

"जळलं मेलं ते लोणी!" म्हणत तिनं राख उकरली, निखाऱ्यांवर पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, वाळक्या विटा रचल्या आणि फुंकर घातली. तिचा धूर वर गेला न गेला तोच वाडीतली सगळी धुराडी भकाभका धूर सोडू लागली.

मायलेकी वाचल्या. आणि लोणीही गेलं नाही, उलट जास्तच निघालं! झालं, कुजबुज सुरू झाली.

"पहिला धूर हिचा, तरी लोणी हिलाच? मग चेटकीण दुसरी कोण असणार?"

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या गोबनेटला हे फार लागलं. पुढच्या वर्षी त्या सकाळी ती नातीला मांडीवर घेऊन, गाल फुगवून, थंड चुलीपाशी बसून राहिली.

दारात सबायना उभी राहिली. "गोबनेट, पेटव ना गं. तुला आता कसली भीती?"

"मी चेटकीण ना?"

"असशील बाई. पण चहावाचून वाडीचा जीव चाललाय."

गोबनेटला हसू आवरेना. तिनं नात सबायनाच्या हातात दिली आणि राख उकरायला बसली.