सैल बांधलेलं सोंग

“सोंग घट्ट बांधलं नाय ना, तर आतला मानूस दिसतो.”

भागोजी पाष्टे हे एकदाच बोलला, आणि तेही आपल्या पुतण्याला, संदेशला. संदेश तेव्हा मुंबईला नवाच नोकरीला लागला होता. शिमग्याला गावी आला होता आणि काकाच्या डोक्यामागे रावणाच्या पट्ट्या बांधत होता, घाईघाईने. भागोजीने त्या सगळ्या सोडायला लावल्या, पुन्हा आवळून बांधून घेतल्या आणि मगच उठला.

आमच्या वाडीचं नमन, म्हणजे शिमग्यातले सोंगांचे खेळे, रावणाने संपतं. गण होतो, गवळण होते, संकासुराची टवाळी होते, आणि मग मृदंग एकदम संथ होतो. पडद्यामागून दहा तोंडांचा लाकडी रावण येतो. नऊ तोंडं कोरलेली, मधलं पोकळ. त्या पोकळीत माणसाने आपला चेहरा घालायचा, कपाळावर कापडाची चुंबळ ठेवायची आणि फणसाच्या लाकडाचा सगळा भार मानेवर घेऊन नाचायचं. बोलायचं नाही. संकासूर बोलतो, मावशी बोलते, पेंद्याला तर गप्प बसवावं लागतं. दहा तोंडं असलेला तेवढा मुका.

हा रावण पाष्ट्यांच्या घरात आहे. भागोजीला तो बापाकडून मिळाला. जमीन मिळते तसा नाही, नाक मिळतं तसा. तरुणपणी भागोजी मुंबईला एका खानावळीत वाढपी होता. शिमग्याला मालकाने रजा दिली नाही तेव्हा त्याने कमरेचं फडकं सोडलं, खुंटीला अडकवलं आणि निघून आला. परत गेला नाही.

“मालकाला काय सांगून आलास?” लोकांनी विचारलं.

“काय सांगायचं? रावण बोलतो काय?”

पुढे तो गडगे घालू लागला. गडगा म्हणजे बागेभोवतीची जांभ्या दगडांची कोरडी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. भागोजीने घातलेल्या गडग्यावरून गुरं चालून गेली तरी दगड हलत नाही. रत्नागिरीपासून गणपतीपुळ्याच्या वाटेपर्यंत कितीतरी कलमांच्या बागा त्याच्या हातांनी वेढलेल्या आहेत. कुठल्याही दगडावर त्याचं नाव नाही. पण वाटेने जाताना तो एखाद्या गडग्याला हात लावतो, बैलाच्या पाठीला लावावा तसा.

मग त्याच्यात झोप शिरली.

झोप शिरली असंच म्हटलं पाहिजे, कारण ती रात्री आल्यासारखी वाटेना. ती दिवसा यायची. हातात दगड असताना यायची. जेवताना तोंडात घास असायचा आणि डोळे मिटायचे. बायको हौसा म्हणायची, वय झालं. पण तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. भागोजी आयुष्यभर घोरत आला होता, त्याचं तिला काही नव्हतं. आता मात्र ते घोरणं मध्येच तुटायचं. घर एकदम रिकामं व्हायचं. ती कोपराने ढोसायची, तेव्हा तो बुडालेला माणूस वर यावा तसा धापा टाकत वर यायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा बुडायचा. सकाळी त्याला काहीच आठवत नसे. हौसाच्या कोपराला तेवढं आठवायचं.

गेल्याच्या गेल्या शिमग्याला जे झालं ते सगळ्या वाडीने पाहिलं. खरं म्हणजे ऐकलं. रावण शेवटी येतो, म्हणून तो बांधून पडद्यामागे बसून राहावं लागतं. भागोजी बसला होता. गवळण चालू होती, पेंद्या लोकांना हसवत होता, आणि मध्येच पडद्यामागून घोरण्याचा आवाज आला. पेंद्या बोलायचा थांबला. पुढे बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, “आरे, रावण नाय, कुंभकर्ण आणलाव काय ह्या वर्षी?”

सगळी सहाण हसली. जिथे पालखी बसते तिथे, देवासमोर, माणसं पोटं धरून हसली. भागोजी जागा झाला, उठला, नाचलाही. पण पाय मृदंगाच्या मागे पडत होते. एका गिरकीला तोल गेला आणि संदेशने धावत येऊन दंड धरला. रावणाचा दंड आजवर कोणी धरला नव्हता.

नंतर त्याला कोणी काही बोललं नाही, तेच त्याला लागलं. फक्त वाडीचा गावकार सखाराम पान खाताना सहज बोलल्यासारखं बोलला. मान कोणाचा आणि काम कोणाचं, हे आमच्याकडे गावकार ठरवतो.

“भागोजी, दहा तोंडं सांभाळायची तर एक तरी जागं पायजे. पुढच्या शिमग्याला तू झोपलेला दिसलास तर रावण संदेशला. घरातच ऱ्हाईल, काय बिघडत नाय.”

घरातच राहील. भागोजीने मान हलवली. त्या दिवसापासून त्याने झोपेला आपला शत्रू मानलं आणि शत्रूशी लढताना माणूस करतो ती चूक केली: तो कमी झोपू लागला. उशिरापर्यंत ओट्यावर बसायचा. चहा प्यायचा. दिवसा आणखी पेंगायचा.

मुलगा बोटीवर नोकरीला, शिमग्याला कधी नसतो; त्याची बायको नम्रता गावात आशा सेविका आहे. तिने एकदा त्याला चढत्या उन्हात गडग्याला टेकून झोपलेला पाहिला, तोंड उघडं, ओठ निळसर. तिने काही न विचारता शहरातल्या डॉक्टरांकडे नंबर लावला. तपासणीचं यंत्र एका रात्रीसाठी घरी आणलं, बोटाला आणि छातीला लावलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत ह्यांचा घसा मिटतो, श्वास पुन्हा पुन्हा अडतो. शरीर रात्रभर जागं होत राहतं. हे झोपतच नाहीत.

“मग मी करतंय काय रातभर?” भागोजीने विचारलं.

“श्वासाशी मारामारी,” डॉक्टर म्हणाले.

हे त्याला पटलं. मारामारी करून दमलेला माणूस दिवसा पेंगला तर त्यात लाज नाही. उपाय म्हणजे एक मशीन. ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, आणि ती हवा नळीतून तोंडावरच्या मास्कमध्ये येते. मशीन संदेशने मुंबईहून आणलं. ज्याच्याकडे रावण जाणार होता त्यानेच. ते खाटेशेजारी ठेवून, वायर जोडून तो चहा न घेताच परतला. पाष्टे असेच.

मास्क पाहून मात्र भागोजीचा चेहरा उजळला. नाकातोंडावर बसणारं पारदर्शक भांडं, त्याला डोक्यामागे जाणाऱ्या पट्ट्या. नम्रता कसं लावायचं ते सांगू लागली.

“तू मला सोंग बांधायला शिकवणार, गो?” तो हसून म्हणाला. “बस तू.”

आणि त्याने ते रावणासारखं बांधलं. पट्ट्या शेवटपर्यंत आवळल्या. वरून, खात्री म्हणून, नमनातलं लाल फडकं गुंडाळून मानेमागे गाठ मारली. हौसा खाटेजवळ उभी राहून बघत होती.

“हे बरं हाय,” ती म्हणाली. “खाटेवर रावण, मग मी काय मंदोदरी?”

“आरशात बघून ये आधी.”

सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण उठला होता. कडेने निसटलेली हवा रात्रभर डोळ्यांत गेली होती, डोळे सुजले होते. तोंड कोरडं पडलं होतं. मास्क खाटेखाली सापडला. झोपेत कधी उपटून टाकला ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने निदान केलं: सैल राहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी आवळलं. वणाची जखम झाली. हवा आणखी निसटू लागली, शिटी वाजवत. पुढे त्याने मशीन कपाटावर चढवलं आणि वर हौसाची सुपं ठेवली.

“हवा कोंबून झोप येते काय? फुगा हाय काय मी?” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. पण गडग्यावर त्याच्या हातातून दगड पडू लागले. एक पायावर पडला. त्या दिवशी हौसाने सुपं बाजूला केली, मशीन पिशवीत भरलं आणि म्हणाली, “चला. रावण तुमच्या पायाने नाचतो ना? मग पाय तरी वाचवा.”

शहरातल्या मशीनवाल्यांच्या दुकानात मृणाली नावाची मुलगी मास्क बसवून द्यायची. चिपळूणकडची. तिने भागोजीच्या नाकावरची जखम पाहिली, मग पट्ट्या पाहिल्या, मग पिशवीतून डोकावणारं लाल फडकं पाहिलं.

“काका, हे कशाला?”

“घट्ट नको ऱ्हायला?”

“तुम्ही खेळे करता?”

भागोजीची मान ताठ झाली. “रावण. आमच्या घरातला.”

“आमच्याकडे संकासूर आहे, माझ्या मामांकडे,” ती म्हणाली. “पण काका, हे सोंग नाही. ह्याला नाचायचं नाहीये. ह्याची रबराची कड हवेने फुगते आणि ती चेहऱ्यावर टेकते. तुम्ही आवळलंत की ती चेपते, आणि चेपली की हवा पळते. आडवे व्हा बघू.”

दुकानातल्या बाकावर दिवसाढवळ्या आडवं होणं त्याला जड गेलं. पण झाला. तिने मोठा मास्क बाजूला ठेवला, त्यात त्याचा जीव घुसमटत होता हे त्याने कबूल केलं नव्हतं तरी. एक नाकाच्या भोकांना टेकणारा लावून पाहिला, तो मिशीवर बसेना.

“मिशी नाय काढणार,” भागोजी खालूनच म्हणाला.

“काढू नका. रावणाला मिशी पाहिजेच.” तिने दुसरा आणला, फक्त नाक झाकणारा, मिशीच्या वर संपणारा. मशीन चालू करून तिने तो चेहऱ्यापासून किंचित उचलला, हवा भरू दिली आणि सोडला. तो बसला. शिटी वाजली नाही.

“एवढुसा?” भागोजी म्हणाला आणि तोंड उघडल्यामुळे हवा घशातून भस्सकन बाहेर आली. हौसा खळखळून हसली.

“तोंड मिटून, काका. न बोलता.”

“ते येतं त्यांना,” हौसा म्हणाली. “कधीकधी.”

घरी आल्यावर त्याच्या बोटांनी पुन्हा तेच केलं. बोटांना दुसरं काही ठाऊक नव्हतं. पट्टी हातात आली की ती आवळायची, ते बापाने शिकवलेलं, आणि बापाला त्याच्या बापाने. सैल बांधणं म्हणजे त्याला दार उघडं टाकून झोपण्यासारखं वाटत होतं. हौसाने त्याचा हात धरला.

“गडग्याचा दगड आवळता काय तुमी?”

“दगड कोण आवळतो? दगड बसवायचा असतो.”

“मग बसवा की.”

मग त्याने पट्ट्या सोडल्या. मास्क उचलला, हवा भरू दिली आणि दगड ठेवतात तसा ठेवला, हळूच, थोडा डावीकडे फिरवून, त्याची जागा त्याला सापडेपर्यंत. कुठेच ओढलं नाही. तो बसला.

पहिल्याच दिवशी सगळं सुधारलं असं झालं नाही. कधी नळी पाठीखाली यायची, कधी वीज जायची आणि तो कावून उठायचा. वण भरायला वेळ लागला आणि नाकावर एक काळसर डाग राहिला तो राहिलाच. पण एका सकाळी तो अंगणात आला आणि उभाच राहिला. फणसाच्या पानांना कडा होत्या. गडग्यातला प्रत्येक दगड वेगळा दिसत होता. जगावरची साय कोणीतरी काढून घेतली होती. आत हौसा मात्र झोपलेली होती. घोरणं थांबल्यावर सुरुवातीचे कित्येक दिवस तिला त्या शांततेनेच झोप लागली नव्हती, ती मशीनवर तळवा ठेवून पडून राहायची. आता तिच्या कोपरालाही सुट्टी मिळाली होती. त्याने तिला उठवलं नाही. चूल त्यानेच पेटवली.

शिमगा आला. हल्ली आमचं नमन दुपारी होतं, कारण मुंबईकरांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या असतात. सखारामने संदेशला आधीच निरोप धाडला होता: तयारीत ये. तो आला. पडद्यामागे काकासमोर उभा राहिला.

“काका, मी आलोय तयारीने. पण तू आहेस ना?”

“बांध,” भागोजी म्हणाला आणि पाठ वळवली.

संदेशने चुंबळ ठेवली, रावण चढवला, पट्ट्या आवळू लागला. मध्येच थांबला. “आता घट्ट की सैल?”

“हे घट्ट. ते सैल. हे नाचायचं, ते झोपायचं. दोन्ही शिकून घे, तुला पण घोरायची खोड हाय.”

“कोण बोललं?”

“तुझी बायको माझ्या मास्कचं नाव विचारत होती.”

मग तो बसला. बाहेर गण झाला, गवळण झाली, संकासूर पोरांच्या मागे धावला. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून त्या दहा तोंडांवर पडत होतं आणि एकही तोंड हलत नव्हतं. पेंद्याच्या बोलण्यावर लोक हसत होते. मधूनच ते गप्प व्हायचे, कान द्यायचे. सगळी वाडी वाट पाहत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हौसा बायकांत पुढे बसली होती, कोपर मांडीवर घट्ट धरून.

शेवटी सखारामला राहवलं नाही. तो पडद्यामागे आला. रावण निश्चल होता. सखाराम वाकला, मधल्या तोंडाजवळ कान नेला, आणखी जवळ नेला.

“सखाराम,” आतून आवाज आला, “तंबाखू बदल. वास येतो. आणि सरक, वाट आडवलीस.”

सखाराम दचकून मागे सरला. संदेशला हसू आवरेना. सखारामने क्षणभर त्या रंगवलेल्या नऊ तोंडांकडे आणि मधल्या काळोखाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा नीट घातली आणि स्वतःच्या हाताने पडदा बाजूला धरला. गावकाराने आजवर कोणासाठी पडदा धरला नव्हता.

बाहेर मृदंग संथ झाला. पुतण्याचा हात दंडाजवळ आला होता. भागोजीने तो हळूच बाजूला केला. लाकडाआडच्या नाकावर, जुन्या डागावर, कपाळावरून खाली आलेली चुंबळीची कड टेकली होती, आणि श्वास येत होता, जात होता, कुठेही न अडता. त्याने पहिला पाय नेमका थापेवर टाकला आणि दहा तोंडं घेऊन, एकाही तोंडाने शब्द न काढता, बाहेर गेला.