बाबांचं ‘पुरे’ आणि काळ्या कोंबडीचं सूप

बाबांची पँट घसरायला लागली तेव्हा मी घाबरले. पुण्याहून माझ्याकडे नेदरलँड्सला, अ‍ॅमस्टेलव्हीनला आले तेव्हा ती कमरेला नीट बसत होती. आता त्यांनी सुरीच्या टोकाने पट्ट्याला एक नवं भोक पाडलं होतं आणि वर ‘इथली हवा मानवत नाही’ म्हणून मोकळे झाले होते. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच इतके दिवस माझ्याकडे राहणार होते. पण आल्यापासून जेवणाची तऱ्हा एकच. एक पोळी, पळीभर भाजी, की लगेच ‘पुरे’. आमटी वाढायला गेलं की ‘पुरे’. मी मसाला बदलून पाहिला, भारतीय दुकानातून त्यांच्या आवडीचं लोणचं आणलं. तरी ‘पुरे’. शेवटी त्यांनी परतीचं तिकीट अलीकडे घ्यायला सांगितलं. पुण्याच्या त्या रिकाम्या घरात हा माणूस काय खाणार, हेच मला कळेना.

निदान पँट तरी मापाची असावी म्हणून एका शनिवारी मी त्यांना ट्रामने अ‍ॅमस्टरडॅमला घेऊन गेले. बरोबर माझी लेक. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत येतं. तिचं आणि आजोबांचं या द्विभाषी कारभारात उत्तम जमतं.

दुकानात बाबांनी प्रत्येक पँटला नाक मुरडलं. हिचं कापड पातळ, तिचे खिसे उथळ, एक तर म्हणे बँडवाल्याची दिसते. हात हलवत बाहेर पडलो आणि एका गल्लीत बाबा थबकले.

“इथे कुणीतरी काढा उकळतंय,” ते म्हणाले.

वाफेने धुरकटलेल्या काचेमागे एक छोटी चिनी खानावळ होती. दारावर वाडग्यांचे फोटो, आणि वाडग्यांत मुळ्या, साली, बोरं असं आयुर्वेदिक दुकानात शोभेल ते सगळं. लेकीने नाक दाबलं. बाबा मात्र काढ्याचे जुने भक्त. काढा मिळावा म्हणून सर्दीची वाट पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही आत जाण्याआधीच ते स्टुलावर बसले होते.

मालकीणबाई बाबांच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी बाबांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पट्ट्यावर जरा जास्तच वेळ, आणि मेन्यूतल्या एका फोटोवर बोट ठेवलं. बाबांनी मान हलवली. लेकीने नूडल्स मागवल्या, मी मशरूमचं सूप.

बाबांसमोर झाकणाचं मातीचं भांडं आलं. झाकण काढलं तर आत कोंबडीची काळीकुट्ट तंगडी. मी जरा दचकलेच. बाबांचा चेहरा मात्र परगावी शेजारी भेटल्यासारखा फुलला.

“अगं, हा तर कडकनाथ.”

सोबत लाल बोरं, आल्याचे काप आणि आइस्क्रीमच्या काडीसारखे चपटे मुळ्यांचे तुकडे होते. पानात टाकायचं नाही हा बाबांचा जन्माचा नियम. त्यामुळे कोंबडी संपल्यावर ते त्या काड्या कडाकडा चावायला लागले. शेजारच्या टेबलावर सगळ्यांनी मुळ्या नीट बाजूला काढून ठेवल्या होत्या. लेकीने ते आजोबांना खुणेने दाखवलं. त्यांना दात नसतील, असं बाबांचं मत पडलं.

मग मालकीणबाई पातेलं आणि डाव घेऊन आल्या. बाबांनी वाडगा मागे ओढला. “नो, नो. पुरे.”

“नोख अन बेच्ये,” बाई म्हणाल्या. म्हणजे डचमध्ये, अजून थोडंसं. आणि वाडगा भरला. बाबांनी तो संपवला. थोड्या वेळाने बाई पुन्हा आल्या. या वेळी बाबांनी वाडग्यावर चक्क हात आडवा धरला. बाईंनी ओट्यावरचं मांजर हटवावं तसा तो हात बाजूला केला, पुन्हा तेच तीन शब्द म्हटले आणि पुन्हा भरला. तोही संपला.

मी बाबांकडे पाहत राहिले. चिडले नव्हते. थोडे लाजले होते आणि खूश होते. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. आई जेवायला वाढायची तेव्हा तो रोज दिसायचा. बाबांचं ‘पुरे’ म्हणजे पुरे कधीच नव्हतं, ती बोलण्याची सुरुवात होती. आई ते कानाआड करायची, वाढायची, बाबा कुरकुरायचे आणि जेवायचे.

आणि मी? या देशात नवीन आले तेव्हा शेजारणीने केक पुढे केला, मी रीतीप्रमाणे ‘नको’ म्हटलं आणि डब्याचं झाकण लागलं. घरी येऊन रागारागाने चुरमुरे खाल्ले होते. तो धडा मी इतका पक्का गिरवला की सख्ख्या बापाने ‘पुरे’ म्हटलं की भांडं उचलून आत न्यायला लागले. माझ्या भरल्या घरातून बाबा अर्धपोटी उठत होते. मला हसूही आलं आणि रडूही. डोळे पुसत लेकीला सांगितलं, माझ्या सूपमधलं आलं फार तिखट आहे.

संध्याकाळी पिठलं-भात केला आणि कंबर कसली. बाबा ‘पुरे’ म्हणाले, मी वाढलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा वाढलं. लेकीने चमचा खाली ठेवला.

“मम्मा, आजोबा सेड नो.”

अगदी तिच्या शाळेतल्या बाईंचा सूर. आजोबांचं नो म्हणजे नो नसतं हे मी समजावायला गेले, तर तिने मला गप्प करून थेट आजोबांनाच विचारलं, हवंय की नकोय. बाबा छताकडे पाहायला लागले. एवढ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना असा समोरून कुणी विचारला नसावा. हो म्हणावं तर हावरट ठरणार, नाही म्हणावं तर पिठलं जाणार. ते पाणी प्यायले आणि त्यांनी विषय टाळला.

दुसऱ्या दिवशी मी कोंबडीचा रस्सा केला, त्यात आल्याचे चार काप जास्त. बाबांची वाटी रिकामी झाली. मी डाव उचलला, पण लेक पंचासारखी माझ्यावर नजर ठेवून होती. डाव हातातच राहिला.

मग बाबांनी वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. पाहत होते खिडकीबाहेर.

“नोख अन बेच्ये,” ते म्हणाले.

जे मागायला मराठीत त्यांची जन्मभर जीभ रेटली नाही, ते डचमध्ये बिनदिक्कत मागून मोकळे झाले. मी मान वर न करता वाटी भरली. वर पाहिलं असतं तर दोघांनाही अवघड झालं असतं. लेक समाधानाने आपल्या पोळीकडे वळली. बाबांनी आणखी एकदा वाटी सरकवली, आणि पातेल्याचा तळ दिसल्यावर म्हणाले, पुरे. तिकिटाचं नावही काढलं नाही. हात धुऊन येताना फक्त पट्टा जरा वर ओढला.

“नवी पँट राहू दे,” ते म्हणाले. “हीच बसेल पुन्हा.”