बमरोलीवरची तबकडी

बमरोलीला आमच्या सोसायटीवर एक उडती तबकडी आली होती. ती फक्त मला दिसली, आणि त्याबद्दल मी अजूनही चिडलेला आहे.

संध्याकाळी सव्वासातला मी मिलमधून येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा पीत होतो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळ एक गोल, पांढरी, झगझगीत वस्तू हवेत थांबलेली. मी डावीकडे सरकलो, ती टाकीच्या उजवीकडे गेली. मी उजवीकडे, ती डावीकडे. मला चुकवत होती!

मागे बायको भाकरी थापत होती. मान वर न करता सुनंदा म्हणाली की असेल एखादं विमान. माझं डोकंच फिरलं. लगेच मोबाइलमध्ये विमानं दाखवणारं ॲप घेतलं. आमच्या डोक्यावर एकही विमान नव्हतं. मग ताऱ्यांचं ॲप घेतलं. त्या दिशेला ग्रह नाही, ठळक तारा नाही. पुढच्या तीन संध्याकाळी बनियनवर, स्टुलावर उभा राहून मी व्हिडिओ काढले. तबकडी रोज सव्वासातला हजर. (एवढी वेळेवर आमच्या मिलची बससुद्धा येत नाही.)

विमान नाही, तारा नाही, म्हणजे ड्रोन. आणि ड्रोन म्हणजे समोरचे जयंतीभाई, कारण टाकी त्यांच्या इमारतीची! माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा याच माणसाने तिला उचलून रिक्षात घातलं होतं. रागाच्या भरात मला ते आठवलं नाही. खाली दहा जणांसमोर मी त्यांना सुनावलं की लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावता, लाज वाटायला हवी. त्यांचा चेहरा उतरला.

"पाटीलभाई, मारी पासे तो सायकल पण नथी," एवढंच ते म्हणाले. (सायकल नाही, तिथे ड्रोन कुठून येणार?)

दुसऱ्या संध्याकाळी ते त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन घरी आले. तिन्ही दिवस आकाश स्वच्छ. दिसत होतो तो फक्त मी, खिडकीत, स्टुलावर, हवेत मूठ नाचवताना. कॅमेरा खराब आहे म्हणून मी ओरडलो. तेव्हा डिप्लोमा करणाऱ्या माझ्या मुलीने, पल्लवीने, माझाच व्हिडिओ थांबवून मोठा केला. तबकडीच्या खाली, आकाशात, आमचं कॅलेंडर लटकत होतं. उलट्या अक्षरांत.

पल्लवी उठली आणि स्वयंपाकघरातला गोल दिवा बंद केला. तबकडी गेली. दिवा लावला. तबकडी आली. डासांच्या भीतीने मी खिडकी कधी उघडतच नव्हतो, आणि चार दिवस तिच्या काचेत आमचाच दिवा बघत होतो.

"अहो, म्हणजे भाकरी करायला मी लावते तो?" सुनंदाने विचारलं.

मी जयंतीभाईंची हात जोडून माफी मागितली. त्यांनी हसत हसत लगेच माफ केलं. मला त्याचाही राग आला. त्यातून रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर आधीच गेलं होतं, आणि तिथून थेट खानदेशात. शिरपूरहून बहिणीचा फोन आला, तेव्हा मी तिला काच, दिवा, प्रतिबिंब सगळं नीट समजावून सांगायला लागलो. तिला तबकडीशी काही देणंघेणं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तुनं बनियन पोटवर फाटेल शे. नवं ली ले."