रस्त्यापलीकडचा दवाखाना

आमच्या गल्लीतले लूम गेले, तिथे गोदाम झालं. डॉ. विनिताताईंचा दवाखाना मात्र समोर अजून आहे. परवा प्रेशर तपासायला गेलो आणि बाकावर बसल्या बसल्या तो जुना आठवडा आठवला.

ताई कोन गावच्या. लूमची शेड त्यांच्या थोरल्या भावाची. सगळे त्यांना भाऊच म्हणत. शिकून आल्यावर ताईंनी शेडलगत, भाऊंच्याच गाळ्यात दवाखाना थाटला. सुई टोचण्याआधी विचारत, "जेवलास का?" खोटं बोललं की ओरडत.

तेव्हा धोट्यात, म्हणजे लूमवर आडवा धावणाऱ्या लाकडी ठोकळ्यात, सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायचं. एका श्वासात सूत बाहेर. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. कुणाला वावगं वाटत नसे. माझ्या लूमवर दिवसपाळी काळूरामची, रात्रपाळी माझी, म्हणजे राघोची.

काळूराम खोकू लागला. तपासणीत टीबी निघाला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. ताई त्याला म्हणाल्या, "औषधाने बरा होशील. पण राघोला आजच सांग." त्याने हात जोडले. "ताई, भाऊला कळलं तर काम जाईल. कुनाला सांगू नका."

"मी नाव घेणार नाही," ताईंनी शब्द दिला. पण संध्याकाळी माझं तोंड त्याच धोट्याला लागणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

पाळी बदलताना त्या शेडमध्ये आल्या. हातात वाकवलेल्या तारेचे आकडे. "आजपासून सूत याने ओढायचं. धोट्याला तोंड कुणीच लावायचं नाही."

मी म्हणालो, "ताई, यात वेळ जातो. कापड कमी पडेल."

"करून दाखवते." त्यांनी माझा धोटा घेतला. सूत तुटलं. पुन्हा तुटलं.

"ताई, तुम्ही सुईच टोचा!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

भाऊ हसले नाहीत. "विनू, कुणाला काय झालंय?"

"ते मी सांगणार नाही."

"शेड माझी आहे."

"शेड तुझी. फुफ्फुसं तुझी नाहीत."

"सख्ख्या भावापासून लपवतेस? मग माझ्या गाळ्यात कशाला बसतेस?"

"शुक्रवारी खाली करते."

मग काळूराम पुढे आला. "भाऊ, मला हाय. टीबी. ताईंना बोलू नका."

भाऊ त्याच्याकडे वळले. "आधी बरा हो. लूम कुठं जात न्हाय."

मला वाटलं, मिटलं. ताईंना तसं वाटलं नाही. काळूरामला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चारचौघांत सांगायची वेळ माझ्यामुळे आली तुझ्यावर." मग माझी तपासणी केली. काही निघालं नाही, मी सुटलो.

शुक्रवारी लूम बंद असत. भाऊ दवाखान्याच्या दारात आले. "रागात बोललो गं. राहा."

"मी रागावले नाही रे. पण गाळा कुणाचा, ते पेशंटलाही दिसतं. माझ्यापाशी बोलताना त्याला तुझी भीती नको."

आम्ही टेबल, बाक, लोखंडी कपाट रस्त्यापलीकडे भाड्याच्या खोलीत नेलं. कपाटाने घाम काढला. काळूरामही आला होता, पण ताईंनी त्याला ओझ्याला हात लावू दिला नाही.

"मग मी काय करू?"

"बस. पाणी पी."

तो पायरीवर बसला आणि तिथून मलाच ओरडत राहिला, "राघो, खालून धर की!"