पेन्सिलीतला वाढदिवस

लोकांचे वाढदिवस पाठ असणाऱ्या माणसांवर माझा आता विश्वास उरलेला नाही. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

आमचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यावर कुणीतरी टाकतं, की आज अमुक अंतराळपटाला चाळीस वर्षं झाली, आज तमुक मालिकेत परग्रहावरची राणी झालेल्या बाईंचा वाढदिवस. मग पाचपन्नास जण हात जोडतात, केक टाकतात आणि कामाला लागतात. घरच्यांना हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटतो. माझी आई मिरजेहून फोनवर विचारते, "त्या राणीनं कधी तुझा वाढदिवस विचारला का?" मी चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासते. केसभर फरक चालत नाही अशा कामात दिवस गेला की तारखाही तशाच तपासाव्याशा वाटतात. एका तारखेला दोन पुरावे असल्याशिवाय मी ती पुढे पाठवत नाही. ग्रुपवर मला "इन्स्पेक्टर" म्हणतात, आणि मला ते आवडतं.

या वेडाची सुरुवात एका हिंदी मालिकेनं झाली. रविवारी सकाळी लागायची. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण पुढे जे झालं त्यानंतर ते नाव माझ्या हातून लिहिलं जात नाही. एक यान होतं, सहा माणसं होती आणि एक पत्र्याचा यंत्रमानव होता. बुटका, डोक्यावर दोन पिवळे दिवे, चालताना डाव्या पायाला किंचित थांबणारा. कप्तानाचं नाव आज कुणाला आठवत नाही, पण पत्र्याचा तो सगळ्यांना आठवतो.

कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीलाही तो आठवत होता. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्मापासून चेन्नईतली. तिची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला कुणीतरी जुनी बखर वाचून दाखवतंय असं वाटलं होतं. लहानपणी तिला हिंदीचा एक शब्द कळत नसे, तरी तिनं ती मालिका एकही रविवार न चुकवता पाहिली होती आणि गोष्ट आपल्या मनानं रचली होती. तिच्या मते पत्र्याचा तो यानातला स्वयंपाकी होता, आणि बाकीचे सहा जण त्याच्यावर जेवणावरून ओरडत असत. हे ऐकून मी बसमध्ये इतकी हसले की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. त्या दिवसापासून सहा वर्षं आम्ही शेजारी बसलो. परक्या गावात मला एक माणूस मिळालं होतं.

तारखांची वही आम्ही दोघींनी मिळून केली. नियम एकच होता. जी तारीख पक्की आणि जाहीर करायला मोकळी, ती शाईनं लिहायची. जी कच्ची, किंवा कुणी विश्वासानं सांगितलेली, ती पेन्सिलीनं. पेन्सिलीतली नोंद वहीबाहेर जाणार नाही, मग जगबुडी होवो. हा नियम तिनंच सुचवला होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

मालिकेला पस्तीस वर्षं होणार होती, आणि पत्र्याच्या आत कोण होतं हे कुणालाही माहीत नव्हतं. श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. मालिका हिंदी असली तरी तिचं यान मद्रासच्या एका स्टुडिओत उभं केलेलं होतं, एवढा धागा मला सापडला. मग दोन वर्षं मी पत्रं लिहिली. जुने मेकअपवाले, शिंपी, दिवे लावणारे. शेवटी ते यान ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराचं उत्तर आलं. यंत्रमानवाच्या डब्यात हवा जायला भोक नव्हतं, म्हणून श्वास कोंडून धरणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांनी मद्रासजवळच्या कोवलमच्या कोळ्यांतून आणला होता. अजून तिथेच असेल, असं त्यानं लिहिलं होतं.

तो तिथेच होता. म्हणजे ते होते. मी त्यांना तात्ता म्हणायचे, आजोबा या अर्थानं. होड्या ओढून ठेवतात तिथे सावलीत बसून जाळी दुरुस्त करत होते. माझी तमिळ मोडकी, त्यांची समुद्राकाठची, त्यामुळे पहिला तासभर आम्ही दोघं एकमेकांना नुसतं "काय?" विचारत होतो. मग मी उठून डावा पाय किंचित थांबवत चार पावलं चालून दाखवली. ते जाळं खाली ठेवून हसायला लागले. तो पाय मुळात अभिनय नव्हता. पत्रा गुडघ्याला कापत असे.

मी पुन्हा पुन्हा जात राहिले. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी ती गोष्ट सांगितली. मालिका गाजली तेव्हा त्यांना एका शाळेत नेलं होतं. पोरं आनंदानं वेडी झाली. मग एका बाईंनी हौसेनं सांगितलं, डोकं काढा, मुलांना बघू दे. त्यांनी डोकं काढलं. आत घामानं निथळणारा, श्वास लागलेला एक काळा माणूस होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली, आणि तिचं बघून सगळी रडली. "तिला वाटलं, मी तिच्या मित्राला गिळलंय," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गावात कुणाला माहीत नव्हतं, सुनेलाही नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तू सांगणार नाहीस ना, मा? कुणालाच?" मी म्हणाले, कुणालाच नाही.

त्यांची जन्मतारीख मी विचारली ती केवळ सवयीनं. त्यांना तारीख ठाऊक नव्हती. इकडे वाढदिवस नक्षत्रावरून करतात, महिना आणि नक्षत्र आईनं सांगून ठेवलेलं असतं. ऐप्पसी महिना, रोहिणी नक्षत्र, आणि जन्मवर्ष. ऐप्पसी म्हणजे ज्यात दिवाळी येते तो तमिळ महिना. पण आमच्या वहीत नक्षत्राला रकाना नव्हता. तारीख पाहिजे होती.

इथे मी माती खाल्ली. मैत्रिणीची आई जुन्या पंचांगांचा ढीग राखून होती आणि डोळे मिटून तिथी काढायची. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि दोघींना सगळं सांगून टाकलं. माणूस, गाव, ती शाळा, सगळं. आपल्या माणसांना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, अशी काहीतरी माझी समजूत होती. मैत्रिणीचे डोळे भरून आले. तिच्या आईनं पंचांग मांडीवर घेतलं आणि त्या बोट फिरवत म्हणाल्या, "त्या मासांत रोहिणी दोनदां पडली गे. आरंभीं एकदां, शेवटीं एकदां. दोनदां पडली तर शेवटली धरावी, हें आमचें. आरंभींची धरूं नये." म्हणून नोव्हेंबरातली तारीख निघाली. मी ती पेन्सिलीनं लिहिली. मग मैत्रिणीनं आमच्या अख्ख्या वहीचे फोटो काढून ठेवले, डिसेंबरात घरात पाणी शिरलं तर असावेत म्हणून. मला तिचं कौतुक वाटलं.

ऑक्टोबरात मी तात्तांना म्हणाले, तुमच्या वाढदिवसाला पायसम घेऊन येते, नोव्हेंबरात. ते म्हणाले, नोव्हेंबरात कशाला? दिवाळीच्या पहाटे आईनं त्यांच्या टाळूला तेलाचं बोट लावलं होतं, दहाबारा दिवसांचं पोर मांडीवर घेऊन. हे आई मरेपर्यंत सांगत होती. म्हणजे पहिली रोहिणी. रीत वाढदिवस करण्यापुरती होती, जन्माला येताना त्यांनी काही रीत पाहिली नव्हती. बरोबर तारीख परवावर आलेली होती. मी रजा टाकून पायसम घेऊन गेले. त्यांनी सुनेला सांगितलं, ही गाड्यांच्या कारखान्यातली बाई आहे, हिला जाळी बघायला आवडतात.

घरी येऊन मी वहीतली तारीख खोडून बरोबर लिहिली. मैत्रिणीला कळवलं नाही. ती त्या दिवसांत बसला येत नव्हती, काहीतरी कोर्स करतेय म्हणाली होती. शिवाय तिच्या आईचं गणित चुकलं हे फोनवर काय सांगायचं, भेटल्यावर सांगू, असा मी विचार केला.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी बस पेरुंगळत्तूरच्या गर्दीत अडकलेली होती. ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मालिकेच्या पस्तिशीनिमित्त एका मोठ्या चॅनलनं केलेला. "आज ज्यांचा वाढदिवस आहे," असं म्हणत कॅमेरा होड्यांमधून चालत गेला आणि जाळ्यापाशी थांबला. तात्ता मान वर करून बघत होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचं चंदेरी खोकं चढवलं, पिवळे बल्ब लावलेलं. मग केक. मग, "आता डोकं काढा, तात्ता, लोकांना बघू दे." त्यांनी खोकं काढलं. सुनेनं तोंडावर हात धरलेला होता. माईक हातात धरून माझी मैत्रीण कॅमेऱ्याकडे वळली आणि म्हणाली, दोन वर्षं पत्रं लिहून मी यांना शोधून काढलं.

ती चुकीची तारीख जगात तीनच माणसांना माहीत होती, आणि ती अजून खरी मानणारी दोनच होती. पुराव्यांची मला सवय आहे. इतका चोख पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता आणि मला तो नको होता.

संध्याकाळी मी मैत्रिणीच्या घरी गेले. दार तिच्या आईनं उघडलं. त्यांचा चेहरा फुलला होता. "पाहिलेंस की? माझें गणित सगळ्या जगानें पाहिलें," त्या म्हणाल्या. "ठीक आलें की?" मी म्हणाले, ठीक आलं. त्या माउलीला काय बोलणार?

मैत्रीण आत बसली होती. मी फक्त विचारलं, "पेन्सिलीत होतं ना?"

"फोटोंत पेन्सिल आणि शाई सारखीच दिसते गे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "लोकांनी केवढें प्रेम केलें बघ. म्हाताऱ्यास मान मिळाला. तूं त्यांस डब्यांतच ठेवणार होतीस. आणि मज तरी कारखान्यांत जन्म काढायचा होता काय?"

त्यातलं एक वाक्यही मला खोडता आलं नाही, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हणाले, तू मला विचारलं असतंस तर. ती म्हणाली, तूं नको म्हणाली असतीस. त्या संध्याकाळी आमचं एवढंच एकमत झालं. मी कॉफी न पिता उठले. रिक्षात बसून मी लहान मुलासारखी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ती पत्रं तिनं आपल्या नावावर केली त्याचंही दुःख होतं, पण ते दुसऱ्या नंबरचं.

रविवारी कोवलमला गेले. घराबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, पोरं फोन घेऊन दार वाजवत होती, आणि सून आतून ओरडून सांगत होती की घरात कुणी नाही. तात्ता पलीकडे एका उलट्या घातलेल्या होडीमागे बसले होते, किनाऱ्याकडे पाठ करून. मी जाऊन उभी राहिले. वाटभर मी एकच वाक्य पाठ करत आले होते, की मी सांगितलं नाही.

ते मला बोलूच देईनात. "तू नव्हतीस त्यांच्यात," ते म्हणाले. "मला कळलं ते. त्यांची तारीख चुकली होती. तुला बरोबर माहीत होती."

माझा जीव भांड्यात पडला. मी सुटले असं मला खरोखर वाटलं, आणि त्या अर्ध्या मिनिटाची मला आज सर्वांत जास्त शरम वाटते. मी म्हणाले, हो तात्ता, तेच सांगायला आले होते.

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"पण चुकीची तारीख मी कुणाला सांगितली नव्हती, मा," ते म्हणाले. "मी तर तारीख सांगितलीच नव्हती. नक्षत्र सांगितलं होतं. एकटीला. तुला."

मागे पोरं अजून दार वाजवत होती.

"पोदुम," ते म्हणाले, म्हणजे पुरे. मग माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या जाळ्यावर उभी होते. मी पाय उचलला, आणि त्यांनी उरलेलं जाळं आपल्याकडे ओढून घेतलं.