दांड्याला बांधलेली तार

ही गोष्ट मी मीनालाही सांगितलेली नाही. मीना म्हणजे माझी बायको — आणि खरं तर सगळ्यांत आधी तिलाच सांगायला हवी होती, कारण बोटं तिच्या भावाची गेली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सुहासला ओळखत नाही, म्हणून असेल.

दुबईत माझ्या घरी स्नो ब्लोअर होता. हसा, सगळेच हसायचे. अल कुसैसला आमचं भाड्याचं बैठं घर, मागे उघडं वाळवंट, आणि अंगणात बर्फ उडवायचं यंत्र! माझा धंदा जुन्या मशिनरीचा. जपानहून आलेल्या एका कंटेनरमध्ये जनरेटरांच्या मागे हे लाल धूड निघालं. पुढे गोल फिरणारी पाती, वर बर्फ लांब फेकणारं नळकांडं. दुबईत त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? मी ते घरी आणलं. वारा सुटला की आमच्या फाटकापाशी गुडघाभर वाळू साचायची. म्हटलं, बर्फ काय नि वाळू काय.

"पपा, इट्स फॉर स्नो!" माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली. तिचं कोण ऐकतंय?

कोरडी वाळू सगळी तोंडावर यायची. पण पाऊस पडून वाळू ओली झाली, की ढेकळंच्या ढेकळं पार रस्त्यापलीकडे जाऊन पडत. शुक्रवारी सुट्टी. मित्रमंडळी पोहे खायला यायची, ती खरं म्हणजे हा तमाशा बघायला. मलाही तेच हवं असायचं.

या यंत्राला एक दांडा होता. तो मुठीबरोबर दोन्ही हातांनी दाबून धरला तरच पाती फिरायची. सोडला की दांडा वर यायचा आणि पाती थांबायची. इंजिन मात्र चालूच राहायचं. सूचना जपानीत होत्या, पण शेजारी चित्र होतं — पातं, हात आणि तुटलेली बोटं. चित्राला भाषा कशाला लागते? मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तरी मी तो दांडा तारेने बांधला. का? एका हातात चहाचा कप धरून मशीन चालवून दाखवायचं होतं म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला फार बरं वाटलं. नंतर तार सोडायची राहिली — नाही, राहिली नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लागेल म्हणून मीच ठेवली.

सुहास तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे होता. ड्राफ्ट्समन. त्याने पेन्सिलीने ओढलेली रेघ छापल्यासारखी दिसायची. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत काम ठरलं होतं, नोकरीचा व्हिसा तेवढा यायचा होता. बहिणीच्या घरी नुसतं बसून खायची त्याला लाज वाटे. पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी म्हणाला, "दाजी, आज मी करतो." तार बांधण्याच्या आधी त्याने दोनदा मशीन चालवलं होतं, सोडलं की थांबतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. इंजिन मीच चालू करून दिलं. तार बारीक होती, मुठीच्या खालून होती. तिचं सांगावं असं माझ्या मनात आलं — हो, आलं होतं. पण काय होतंय, असं म्हणून मी चहा घेऊन पायरीवर बसलो.

ओली वाळू घट्ट बसून पाती अडकली. सुहासने दांडा सोडला, पुढे आला, वाकला. दांडा वर आला नाही, हे मला बसल्या जागेवरून दिसलं. मी ओरडलो का? तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. त्याने हाताने वाळू मोकळी केली आणि पाती फिरली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मीना धावत आली, तिने हाताला टॉवेल गुंडाळला. मी काय केलं? आधी इंजिन बंद केलं. मग पक्कड आणून तार तोडली. मग गाडीची चावी घेतली. याच क्रमाने.

हॉस्पिटलमध्ये, मीनासमोर, मी त्याला विचारलं, "दांडा सोडला होतास का रे?"

"सोडला होता, दाजी."

"मग फिरलं कसं?"

त्याने डाव्या हाताची मूठ दांडा धरल्यासारखी आवळली आणि सोडली. मग म्हणाला, "नसेल सोडला." आणि मी म्हणालो, "असा कसा रे धांदरट तू!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. तार माझ्या खिशात होती.

नोकरी खलास झाली. सुहास सांगलीला परत गेला, तिथे त्याने स्टेशनरीचं दुकान टाकलं. यंत्र मी इराणला जाणाऱ्या लाकडी बोटीवर चढवलं. तिकडे बर्फ पडतो.

धांदरट हे नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं. मीनाही कौतुकाने म्हणते, आमचा सुहास पहिल्यापासून तसाच. तो पहिल्यापासून तसा नव्हता. आता दुकानाला कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. त्याच्या मुलीच्या बारशाला कोणीतरी बाळ त्याच्याकडे द्यायला गेलं, तर हात मागे घेऊन म्हणाला, "नको, माझा काही भरवसा नाही." सगळे हसले. मीही हसलो.

सुहासने दांडा सोडला होता. मी बघितलं होतं.